जावयाचं पाणी, सासूची झर

भूजलशास्त्रज्ञ म्हणजे नेमकं काय, हे मी माझ्या सासूबाईंना कधीच नीट समजावू शकले नाही. मयेच्या आमच्या घरी पाहुणा आला की त्या कौतुकाने सांगायच्या, "आमची सून पणजीला बांयच्या खात्यात आहे." बांय म्हणजे विहीर. खरं सांगायचं तर नोकरीचा निम्माअधिक काळ मी लोकांच्या विहिरींत वाकून बघण्यातच घालवला, त्यामुळे सासूबाईंचं काही चुकत नव्हतं. काठावर उभं राहून टेप खाली सोडायची, ती पाण्याला टेकली की आकडा वाचायचा आणि घरधनीण हातात चहाचा कप घेऊन विचारते, "बाय, यंदा पुरेल ना गो पाणी?" त्या प्रश्नाला उत्तर देता आलं पाहिजे, एवढीच आमची विद्या.

ज्यांना या विद्येचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पेडणे आणि डिचोलीत जिकडे तिकडे सडे आहेत. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. वरून रखरखीत, पण आतून गोव्याच्या पोय-पावासारखं, भोकाभोकांचं. पावसाळ्यात सडा पाणी पिऊन घेतो आणि उरलेलं वर्षभर ते पायथ्याशी हळूहळू सोडतो. पायथ्याला जिथे ते बाहेर पडतं ती झर. झरीखाली कुळागर, कुळागरात माड, पोफळी, केळी, जायफळ आणि मिरीचे वेल. पायथ्याच्या कितीतरी वाड्या अशा एकेका झरीवर उभ्या आहेत. आता सड्याच्या माथ्यावर कोणी खोल बोअर मारली आणि पाणी उपसायला लागला, तर खाली कोणाचा तरी घसा कोरडा पडतो. कोणाचा, ते मात्र वरून दिसत नाही. ते शोधणं हे आमचं काम.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. किनाऱ्यालगतच्या एका हॉटेलवाल्याला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोडं पाणी हवं होतं. मी नको म्हटलं असताना त्याने बोअर मारली, खारं पाणी आलं, आणि तो पंप बनवणाऱ्यावर चिडला. पंप बदलला. पुन्हा खारं. मग मला फोन, "मॅडम, गोड्या पाण्याचा पंप कुठल्या कंपनीचा चांगला?" मी त्याला म्हटलं, असा पंप निघाला की पहिला मीच घेईन. तो रागावला नाही. दर चतुर्थीला अजून फोन करतो.

एक सल मात्र आहे, तीही सांगून टाकते. नोकरीच्या सुरुवातीला मी डिचोलीत खाणींच्या आसपासच्या विहिरी मोजत असे. खाणीचा खड्डा जसा खोल जाई तसं आत पाणी भरे, ते उपसून बाहेर टाकावं लागे, आणि भोवतालच्या विहिरींचा तळ दिसू लागे. आकडे माझ्याकडे होते. खाणवाले म्हणत पाऊस कमी झाला, गाववाले म्हणत खाणीने पाणी खाल्लं. दोघे एका मेजावर कधी बसलेच नाहीत. मला ते बसवता आले नाहीत. त्या विहिरींतल्या काही आता बुजवूनही टाकल्या आहेत. पुढे जे काही केलं, त्याला या आठवणीचा धक्का होता, असं मला वाटतं.

आता मुख्य गोष्ट. दोन्ही गावांना मी इथे माझ्या मनाने नावं देते. खरी सांगितली तर पुढच्या लग्नात मला पंगतीत बसवून घेणार नाहीत.

झरवाडा हा पेडण्यातला, सड्याच्या पायथ्याचा गाव. माथेवाडी वर सड्यावर, म्हणजे सिंधुदुर्गात. मध्ये राज्याची हद्द. ती हद्द नकाशावर ठळक आहे, जमिनीवर एक दगड आहे आणि त्या दगडावर बहुतेक वेळा एखादी शेळी उभी असते. दोन्ही गावांची बोली एक, देव एक, सोयरिकी तर इतक्या की कोण कुठला ते आडनावावरून सांगता येत नाही.

झरवाड्यातून पहिली तक्रार घेऊन आली ती शेवंतीकाकी. नवरा वारल्यावर एकटीने कुळागर राखलेली, ठसठशीत कुंकवाच्या जागी बारीक गोंदण, आवाज असा की पणजीच्या आमच्या कार्यालयातले पंखे थांबावेत. तिची झर मार्चमध्येच बारीक झाली होती. पोफळी माना टाकत होत्या.

"वर कोणी बोअर मारली आहे का, काकी?" मी विचारलं.

"मारल्यान मा. तीन."

"कोणी?"

काकीने पदर सारखा केला. "माझ्या जावयान."

माथेवाडीच्या बाबीने मुंबईतली नोकरी सोडून सड्यावर केळीची बाग लावली होती. तिकडून कर्ज, इकडून ठिबक, रात्रंदिवस पंप. काकीची एकुलती एक मुलगी संगीता त्याला दिलेली. आणि संगीता त्या वेळी पहिल्या बाळंतपणासाठी आईकडे, झरवाड्याला आलेली. म्हणजे जावयाच्या पंपाने सासूचं पाणी आटत होतं आणि त्याच पाण्यावर बाबीची बायको पेज पीत होती.

मी बाबीला भेटायला वर गेले. माणूस गोड, हसरा, पण आपल्या म्हणण्यावर ठाम. "मॅडम, मामीची झर खय आणि माझी बोअर खय! मधे अख्खो डोंगर असा. सासू म्हटल्यार जावयान कायतरी केल्यान असाच वाटतला."

"आणि तसं निघालं तर?"

"दाखवा. माका दिसला तर मी पंप बंद करीन. पण दिसाक होया."

आता अडचण अशी की मला त्याला काही दाखवायचा अधिकारच नव्हता. मी गोव्याची नोकर, त्याची बोअर महाराष्ट्रात. आमचा भूजलाचा कायदा त्या शेळीच्या दगडापाशी संपतो. रीतसर जायचं तर पणजीहून मुंबईला लिहायचं, मुंबईने जिल्ह्याला विचारायचं, जिल्ह्याने तालुक्याला. तोवर पोफळींची लाकडं झाली असती. काकीने न्यायालयात जायचं तरी कोणत्या, हाच प्रश्न.

तेव्हा मला एका प्रशिक्षणात ऐकलेलं आठवलं. देशादेशांमध्ये वाटून घेतलेल्या पाण्याचा कायदा शिकवणारे एक प्राध्यापक आले होते. एकच नदी दोन-चार देशांतून वाहते, तेव्हा वरच्याने काय करावं आणि खालच्याने काय मागावं, याचे संकेत जगाने बऱ्याच भांडणांनंतर ठरवले आहेत. ते ऐकायला अवघड आणि समजायला सोपे आहेत. पाणी दोघांचं आहे, म्हणून प्रत्येकाने वाजवी तेवढंच वापरावं. आपल्या वापराने दुसऱ्याचं मोठं नुकसान होऊ देऊ नये. नवं काही बांधायचं किंवा खोदायचं असेल तर आधी शेजाऱ्याला सांगावं, आणि मोजमापं लपवू नयेत. नद्यांचे असे करार पुष्कळ झाले. जमिनीखालच्या पाण्याचे मात्र बोटांवर मोजण्याइतकेच, कारण ते कोणाला दिसत नाही. प्राध्यापक म्हणाले होते, "न दिसणाऱ्या पाण्याबद्दल भांडणाऱ्यांना आधी ते पाणी दाखवा. कायदा मागून येतो."

बाबीही तेच म्हणत होता.

दाखवायची एक रीत आमच्याकडे आहे. पाण्यात एक निरुपद्रवी रंग सोडतात. डोळ्यांचे डॉक्टर तपासणीला वापरतात त्याच जातीचा. चिमूटभर टाकला तरी पाणी उजळ हिरवं होतं. वर टाकायचा आणि खाली कुठे उगवतो ते पाहायचं. बाबीच्या बोअरजवळ सड्याला एक जुनं भगदाड होतं. उन्हाळ्यात वरून पाऊस नाही, म्हणून रंग आत ढकलायला भरपूर पाणी लागणार होतं. बाबी म्हणाला, "माझ्याच पंपाचा घ्या. बघूया खय जाता ता!" त्याने स्वतः पाइप धरला. अर्धा दिवस आम्ही त्या भगदाडात हिरवं पाणी ओतत होतो आणि तो माझी चेष्टा करत होता की ते आता सरळ समुद्रात जाऊन मासे हिरवे करणार.

माझ्या हिशेबाने रंगाला खाली पोचायला निदान आठवडा लागायला हवा होता. तोवर बारसं उरकून जाईल, मग झरवाड्यात सगळ्यांना नीट सांगू, असं मी ठरवलं. संगीताला मुलगी झाली होती आणि दोन दिवसांनी बारसं होतं.

सड्याने माझा हिशेब मोडला.

बारशाच्या सकाळी मी आमच्या ह्यांना घेऊन झरवाड्याला होते. काकीने आग्रहाने बोलावलं होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं. माथेवाडीची मंडळी सड्यावरून चालत उतरली होती. बाबी नवा सदरा घालून ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला मुलगी कोणासारखी दिसते ते विचारत होता. मागे न्हाणीत बाळाला न्हाऊ घालायची तयारी चाललेली. न्हाऊ घालणारी बाई झरीचं पाणी आणायला गेली आणि तिथूनच तिची किंकाळी आली.

"शेवंतीऽऽ! पाणी हिरवा झाला गोऽऽ!"

सगळं घर मागे धावलं. झरीच्या कुंडीत उन्हाची तिरीप पडली होती आणि पाणी असं चमकत होतं, जसं काही आत दिवा लावला आहे. बायकांनी हात जोडले. एकजण म्हणाली देवीचा कौल. दुसरी म्हणाली कोणीतरी विष घातलं. संगीता बाळाला छातीशी घट्ट धरून दारात उभी, चेहरा पांढराफटक. मी गर्दीतून पुढे घुसले आणि ओरडून सांगितलं, "विष नाही, काही नाही, मी टाकलेला रंग आहे, कोणालाही काही होणार नाही!" आणि विश्वास बसावा म्हणून ओंजळभर पाणी सगळ्यांसमोर पिऊन दाखवलं. ओठ, हनुवटी, साडीचा पदर, सगळं हिरवं. आमचे हे कडेला उभे होते. ते शाळामास्तर, आयुष्यभर मुलांना शांत बसवलेला माणूस. ते मोठ्याने हसायला लागले आणि त्यांच्या मागून सगळी हसायला लागली.

एकटा बाबी हसत नव्हता. तो कुंडीपाशी उकिडवा बसला होता. त्याने हात पाण्यात बुडवला, वर काढला, पालथा करून पाहिला. मग सासूकडे न बघता म्हणाला, "ह्या माझ्या पंपाकडचा पाणी."

"तुझाच," काकी म्हणाली. "आनी माझाय. तुझ्या पोरीच्या न्हाणाक काढलेला."

बाबी उठला, चपला घातल्या आणि उन्हातून सड्याची वाट चढू लागला. संगीताच्या डोळ्यांत पाणी आलं. बाप बारसं सोडून निघाला, असं सगळ्यांना वाटलं. माथेवाडीच्या मंडळींत कुजबुज झाली, त्यांच्यातले दोघे उठून उभे राहिले. काकी मात्र चुलीकडे वळली आणि म्हणाली, "पाळणो थांबवा. बापूस येयत." बाळाला शेजारच्या विहिरीच्या पाण्याने न्हाऊ घातलं.

तो घामाने निथळत परत आला तेव्हा पानं मांडायची वेळ झाली होती. "बंद केलंय," एवढंच म्हणाला आणि पाळण्याची दोरी धरली. मुलीचं नाव पत्रिकेप्रमाणे भलतंच ठेवलं, पण त्या दिवसापासून तिला सगळे हिरू म्हणतात.

पंप बंद राहिला आणि थोड्या दिवसांत झर पुन्हा अंगठ्याएवढी झाली. ते बघायला माथेवाडीचे लोक जथ्याने खाली यायचे, जणू नव्याने आलेली सून बघायला यावं. पण पंप कायमचा बंद ठेवून भागणार नव्हतं. बाबीची बाग, त्याचं कर्ज, त्याच्याकडे कामाला असलेल्या बायका. खालच्याला पाणी हवं म्हणून वरच्याने उपाशी राहावं, असंही कोणता कायदा म्हणत नाही. म्हणून दोन्ही गावांना देवळात बसवलं. मी नोकर म्हणून नाही, बारशाला आलेली पाहुणी म्हणून बसले, कारण नोकर म्हणून माझा अधिकार त्या शेळीच्या दगडापाशीच संपत होता.

मी प्राध्यापकांचे ते संकेत एकेक करून मांडले आणि बाबी ते गावाच्या भाषेत करू लागला. "न्याय्य आणि वाजवी वापर" म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हणजे पोटापुरता घेवचा, कोठारापुरता नाय." "दुसऱ्याची लक्षणीय हानी न करणे" यावर देवळाचा पुजारी म्हणाला, "लक्षणीय म्हणजे कितपत?" त्यावर मोठा वाद झाला. शेवटी झरीच्या कुंडीत एक खूण ठरली. पाणी त्या खुणेखाली गेलं की वरचे पंप दिवसाआड. "पूर्वसूचना" म्हणजे बोअर मारायच्या आधी खाली येऊन सांगायचं. आणि मोजमापं? इथे काकीने तोड काढली. "आमची झर तुमी मोजा, तुमची बोअर आमी मोजतलो. मगे कोण कोणाक खोटा पाडतलो?" आजतागायत तसंच चाललं आहे. झरवाड्याच्या बायका वर जाऊन बोअरची पातळी घेतात, माथेवाडीचे बाप्ये खाली येऊन झर मोजतात, आणि ज्या गावात मोजतात त्या गावात जेवतात.

याला कुठल्याही न्यायालयात काडीची किंमत नाही. पण ते टिकलं. पुढे एका उन्हाळ्यात झर खुणेखाली गेली तेव्हा वरच्यांनी कोणी न सांगता पंप दिवसाआड केले. त्यात बाबीची थोडी केळी गेली. पावसाळ्याआधी झरवाड्याचे लोक कुदळी घेऊन सड्यावर गेले आणि पाणी जिरवायला चर खणून आले. गोव्याची माणसं महाराष्ट्राच्या जमिनीत फुकट राबताना बघून तिथल्या तलाठ्याला काही सुचेना.

हा किस्सा मी प्राध्यापकांना कळवला होता. बरीच वर्षं गेली. माझ्या निवृत्तीच्या तोंडावर त्यांचा फोन आला. पणजीत वाटून घेतलेल्या पाण्यावर एक बैठक होती. त्यात दूरच्या दोन शेजारी देशांची मंडळी येणार होती. त्या दोन देशांच्या वाळवंटाखाली एकच मोठा साठा आहे. वरचा देश उपसतो, खालच्या देशातल्या विहिरी आटतात. हिरवं पाणी तिथेही कधीतरी दाखवलं गेलं असेल, पण एका मेजावर बसून बोलणं काही होत नव्हतं. "त्यांना तुमचा गाव दाखवाल का?" प्राध्यापकांनी विचारलं. देशांची नावं मी लिहीत नाही. त्यांची बोलणी चालू आहेत आणि माझ्यामुळे ती अडायला नकोत.

वरच्या देशाचे प्रतिनिधी एक वकील होते. उंच, गंभीर, कोटाची बटणं लावलेली, पेडण्याच्या उकाड्यातसुद्धा. खालच्या देशाकडून माझ्यासारखीच एक भूजलवाली, पदवीने डॉक्टर, ठेंगणी, चुणचुणीत. दोघे पणजीहून दोन वेगळ्या गाड्यांतून आले. बसमध्ये एकत्र बसायला दोघांनीही नकार दिला होता. वाटेत पेडण्याच्या बाजारात थांबलो तर दोन वेगळ्या दुकानांत चहा प्यायले.

झरवाड्यात काकीने केळीच्या पानावर खतखतं, म्हणजे इकडचं मिश्र भाज्यांचं कालवण, वाढलं होतं. वय झालं होतं, पण आवाज तोच. बाबी होता, संगीता होती, आणि शाळेतून मुद्दाम रजा घेतलेली हिरू होती. जेवण झाल्यावर वकीलसाहेबांनी इंग्रजीत विचारलं, मी काकीला सांगितलं, "ते विचारतायत, कोणी करार मोडला तर शिक्षा कोण करतो?"

"जावयाक कोर्टात कोण नेता?" काकी म्हणाली.

"सासूक तरी कोण नेता?" बाबीने भर घातली.

मी ते सांगितलं. डॉक्टर हसली. वकीलसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, हे नात्यागोत्यांचं आहे, देशांचं असं नसतं. डॉक्टर त्यांच्याकडे वळली आणि काहीतरी बोलली. त्यांनी उत्तर दिलं. तिने आवाज चढवला. त्यांनीही चढवला. आता ते इंग्रजीत नव्हते, आपल्या भाषेत होते, आणि झरीच्या कुंडीजवळ उभे राहून हात नाचवत जुनी सगळी भांडणं काढत होते. प्राध्यापक घाबरून माझ्याकडे बघू लागले. बैठकीत एक शब्दही सरळ न बोललेली ही दोन माणसं आता थांबेनात. मला वाटलं, मी यांना इथे आणलं आणि होतं तेही मोडलं.

काकी सुपारी कातरत होती. ती थांबली. "बाय, ही दोगां काय बोलतत?"

"मला कळत नाही, काकी. त्यांची भाषा आहे."

"दोगांची एकच भाषा?"

"हो. एकच."

"मगे मधे माणूस कशाक होयो तेंका?" काकी म्हणाली. "भांडाक जमता, म्हणजे बोलाक जमतला. सांग तेंका."

मी काकीचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मग डॉक्टरने वकीलसाहेबांना हळू आवाजात काही विचारलं. त्यांनी उत्तर दिलं. तिने पुन्हा विचारलं आणि एकदम तोंडावर हात ठेवला. नंतर तिने मला सांगितलं ते असं : तिने विचारलं होतं की तुमच्या बोलण्याचा हेल कुठला? त्यांनी हद्दीवरच्या एका गावाचं नाव घेतलं. हद्द पक्की व्हायच्या आधी त्याच गावातून तिच्या आजीला लग्न करून खालच्या देशात आणलं होतं. त्या गावच्या विहिरीच्या पाण्याची चव आजी मरेपर्यंत सांगत असे. वकीलसाहेबांनी कोटाची बटणं काढली, कुंडीच्या दगडावर बसले आणि म्हणाले, ती विहीर माझ्या आजोबांच्या दारात आहे. अजून पाणी आहे तिला. पण आता खाली गेलंय.

"किती खाली?" डॉक्टरने विचारलं.

हा आकडा तिच्या देशाने अनेकदा मागितला होता आणि त्यांच्या देशाने कधी दिला नव्हता. वकीलसाहेबांनी तो सांगितला.

त्यानंतरचं सगळं त्या दोघांचं आहे. मी फक्त सुपारी खात ऐकत बसले. उन्हं उतरेपर्यंत ती दोघं कुळागरातून फिरत होती, हिरू पुढे, बाबी मागे. मोजणीचा दिवस नव्हता तरी काकीने त्यांच्यासाठी मोजणी करून घेतली. डॉक्टरला सड्यावर नेऊन बाबीची बोअर मोजायला लावली आणि वकीलसाहेबांना खाली झर. वकीलसाहेबांनी पायमोजे काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरले. "गार आहे," एवढंच त्यांचं पहिलं वाक्य. निघताना काकीने दोघांना जायफळं बांधून दिली आणि बजावलं, "भांडणा बंद करू नकात. बोलणा बंद पडता मगे."

मग मी निवृत्त झाले. मयेच्या तळ्यावर सकाळी फिरायला जाते, मास्तरांबरोबर भाजी आणते, आणि कोणी विहिरीबद्दल विचारायला आलं तर अजूनही काठावर वाकून बघते. त्या दोन देशांचं काय झालं ते वर्तमानपत्रात कधी आलं नाही. अशा गोष्टी येत नाहीत. भांडण झालं की येतं.

गेल्या उन्हाळ्यात मी झरवाड्याला गेले होते. काकीच्या ओसरीवर बसलेलो असताना माझ्या मोबाइलवर बाहेरच्या देशाचा व्हिडिओ कॉल आला. वकीलसाहेब. कोट नव्हता, डोक्याला फडकं, मागे वाळू आणि एका विहिरीचा दगडी काठ. शेजारी डॉक्टर. भोवती दहा-बारा माणसं, काही इकडची, काही तिकडची, असं तिने सांगितलं. हद्दीवरच्या विहिरी दोन्ही देशांनी मिळून मोजायच्या, एवढ्यावर सही झाली होती. बाकीचं सगळं राहिलं आहे, ती म्हणाली, वाटा कोणाचा किती ते अजून कित्येक वर्षं चालेल. पण मोजायला आज सुरुवात केली.

"आणि त्या बाई कुठे आहेत?" वकीलसाहेबांनी विचारलं.

मी फोन काकीच्या तोंडासमोर धरला. वकीलसाहेब एकदम आपल्या भाषेत सुरू झाले. काकी मालवणीत. मी मध्ये इंग्रजीत सांगायला गेले तर काकीने माझा हात बाजूला केला आणि फोनच काढून घेतला. तो घेऊन ती अंगणात गेली, झरीकडे, आणि वकीलसाहेबांना झर दाखवू लागली. ते तिला विहीर दाखवत असावेत, कारण ती मध्येच "अगे बाय, केदी खोल!" म्हणून ओरडली. ते जोरजोराने काही सांगत होते, ती त्यांच्याहून जोरात. संगीताने माझ्या हातात चहा दिला. तो पिऊन संपला तरी काकी परत येईना.

शेवटी ती आली, फोन माझ्या हातात दिला आणि धापा टाकत ओसरीवर बसली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणता, विहिरीक पाणी हातभर वर इला."

"काकी, त्यांची भाषा तुम्हाला कशी कळली?"

काकीने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी नोकरीत काहीच शिकले नाही.

"हसत होतो मा तो," ती म्हणाली.